चादरींची खोली

“याची आई कुठे गेली हो?” कुसुमने शेजारच्या खाटेकडे बघून विचारलं.

“आई नाही, मावशी असते याच्याजवळ. ती रडायला गेली आहे,” स्टुलावरचा तरुण म्हणाला. पाणी भरायला गेली म्हणावं, इतक्या सहज.

कुसुमला वाटलं, आपण नीट ऐकलं नाही. सहा वर्षांच्या भाचीला, मालूला, तिने नुकतंच पाच नंबरच्या खाटेवर निजवलं होतं. मुदतीचा ताप. एकवीस दिवस लागतील, असं डॉक्टर म्हणाले होते. वहिनी बाळंतीण, भाऊ गिरधर निंबोल्याला केळीच्या बागेत, म्हणून इथल्याच, बुऱ्हाणपुरातल्या राजपुऱ्याच्या शाळेतून रजा काढून आत्याच पोरीला इस्पितळात घेऊन आली होती.

“आणि तुम्ही याचे वडील?”

“छे हो! मी इथला क्लार्क, लीलाधर. माझं तर लग्नसुद्धा नाही झालं.”

हे शेवटचं सांगायची काहीएक गरज नव्हती. पण त्याने सांगितलं, आणि कुसुमनेही ते ऐकून घेतलं.

मग त्याने तिला वॉर्डातला रिवाज समजावला. आपल्याकडे आजाऱ्याच्या उशाशी डोळ्यांतून टिपूस काढायचं नाही. काढलं तर अपशकुन. बायका बिचाऱ्या आठ-आठ दिवस पदर तोंडात धरून बसत. म्हणून दुपारी बारा ते एक, त्याच्या जेवणाच्या सुट्टीत, तो मुलांजवळ बसे आणि बाया व्हरांड्याच्या टोकाला, धुतलेल्या चादरी ठेवायच्या खोलीत जात. तिथे म्हातारी आया सोजरबाई असे. ती पाणी देई, पाठीवरून हात फिरवी आणि एक शब्द बोलत नसे.

“तुम्हाला जायचं असलं तर सांगा. मी बसतो पोरीजवळ.”

“मला नाही लागणार,” कुसुम म्हणाली.

“बरं.” तो हसला. गालाला खळी पडली… आणि ती एकाच गालाला पडते, हेही कुसुमने पाहून ठेवलं.

कुसुमबाईंचा स्वभाव असा, की शाळेत फळा अंगावर पडला तरी म्हणतील, काही नाही लागलं. मालूसमोर ती दिवसभर हसायची. आणि खरं सांगायचं तर पहिले चार दिवस तिला ते जडही गेलं नाही. कारण दुपारचे बारा वाजले, की व्हरांड्यात लीलाधरच्या चपला वाजत.

पण चपला यायच्या त्या चार नंबरच्या खाटेकडे.

चार नंबरवर गोटू होता, पाच वर्षांचा, अंगभर सूज आलेला. त्याची मावशी सुनंदा खांडव्याहून आलेली. तिच्याबद्दल काय सांगावं? काही बाया रडल्या की नाक लाल होतं, तोंड सुजतं. ही रडून आली की जास्तच देखणी दिसायची! ओल्या पापण्या, कपाळावर सुटलेली एक बट… परत आल्यावर “भाऊ, फार उपकार झाले” म्हणून दारापर्यंत लीलाधरबरोबर चालत जायची, आणि तिथे दोघं हळू आवाजात बोलत उभी राहायची. काय बोलायची, देव जाणे. कुसुम तिकडे बघतच नव्हती. एका दुपारी दहा मिनिटं आणि दुसऱ्या दुपारी चौदा, एवढं फक्त तिला ठाऊक होतं.

“काल सव्वाबाराला गेल्या होत्या, पाऊणला आल्या,” एकदा न राहवून ती बोलली. “एवढं काय रडायचं असतं माणसाला?”

“तुम्ही घड्याळ लावून बसता वाटतं?”

“शाळामास्तरीण आहे मी. तास मोजायची सवय असते.”

“मग मी किती मिनिटं बसलो, तेही मोजलं असेल?”

“तुम्हाला कशाला मोजू? तुम्ही काय… तुम्ही माझ्या तासाला नसता.”

तो हसला. मग त्याने गोटूचं पांघरूण सारखं केलं. “एक सांगू?” तो म्हणाला. “माझा लहान भाऊ, वामन, याच वॉर्डात होता. समोरची ती भिंतीकडची खाट. माझी आई अकरा दिवस उशाशी बसली. डोळ्यांत पाणी नाही आणलं, पोराला अपशकुन नको म्हणून. वामन गेला… त्यानंतरही तिला रडूच आलं नाही. वर्षभर घरात कुणाशी बोलली नाही ती. तिला कुणी म्हटलंच नव्हतं, की बाई, तू ऊठ, जराशी जाऊन ये, मी बसतो.”

कुसुमला वाटलं, याच्या हातावर हात ठेवावा. तेवढ्यात सुनंदा आली, ओल्या पापण्या घेऊन, आणि लीलाधर उठून तिच्याबरोबर दाराकडे गेला.

अस्सा राग आला म्हणता कुसुमला! आणि राग कुणाचा? आजारी पोराच्या मावशीचा! स्वतःची लाज वाटली तिला, पण लाजेने मत्सर कधी गेलाय? तो आपला मुक्कामाला राहिला. आपण रडत नाही म्हणून हा आपल्या खाटेशी बसत नाही. हसऱ्या माणसाला या इस्पितळात कुणी विचारत नाही. असा हिशेब तिने मांडला आणि दुसऱ्या दिवशी मुद्दाम अधिकच हसली.

पंधराव्या दिवशी सोजरबाईने बातमी आणली.

“ऐकलं का वं पोरी? आपला लीलाधर चालला वाटते नागपूरले.”

छप्पनच्या नोव्हेंबरात नवं राज्य झालं होतं. नागपूर तिकडे मुंबई राज्यात गेलं, बुऱ्हाणपूर इकडे मध्य प्रदेशात राहिलं. सरकारी नोकरांकडे कागद आले होते: तिकडे जाता, की इकडे राहता? लीलाधरचा थोरला भाऊ नागपुरात होता. शनिवारपर्यंत कागद भरून द्यायचा होता.

“जाऊ देत,” कुसुम म्हणाली. “त्यांची मर्जी.”

“हो माय, तुले काय करायचं?” म्हातारी म्हणाली आणि तोंडातल्या तोंडात हसत निघून गेली.

सतराव्या दिवशी मालूचा ताप उतरला. पोरीने पेज मागून घेतली, मावा जलेबी कधी देशील म्हणून विचारलं. कुसुमने भावाला निरोपसुद्धा धाडला. आणि एकोणिसाव्या दिवशी, शुक्रवारी सकाळी, ताप पुन्हा चढला. एकशे तीन. डॉक्टर बराच वेळ पोट तपासत राहिले. “बघू या,” म्हणाले. डॉक्टरांच्या तोंडचं बघू या कुणाला बरं वाटतं?

कुसुम हसतच होती. पाण्याच्या पट्ट्या बदलत होती, मालूला भातुकलीची गोष्ट सांगत होती. बाराला लीलाधर आला. सुनंदा आधीच गेली होती, गोटू झोपला होता. लीलाधर चार नंबरजवळ स्टूल ओढून बसला, कुसुमकडे पाठ करून. त्याच्या खिशातून घडी घातलेला एक कागद डोकावत होता.

उद्या शनिवार. म्हणजे उद्या हा कागद देणार, आणि आजची दुपारसुद्धा चार नंबरलाच!

“मला जायचंय,” कुसुम एकदम म्हणाली.

तो वळला. “कुठे?”

“रडायला. का? खांडव्याच्या माणसांनाच परवानगी आहे?”

त्याने स्टूल उचललं आणि मालूच्या खाटेशी ठेवलं. आपल्या खाटेशी ते स्टूल आलेलं बघून कुसुमला मोठी लढाई जिंकल्यासारखं वाटलं. मान ताठ करून ती व्हरांड्यातून निघाली. डोळे ठणठणीत कोरडे. दहा मिनिटं भिंतीकडे बघून परत यायचं, असं तिने ठरवलं होतं.

खोलीत सोजरबाई नव्हती. सुनंदा एकटीच चादरींच्या घड्या घालत बसली होती.

“तुम्ही?” ती चकित होऊन म्हणाली. “या ना, या. बसा.”

कुसुम अंग चोरून बसली. सुनंदाने चादरीचं एक टोक तिच्या हातात दिलं. दोघींनी मिळून एक घडी घातली, मग दुसरी.

“सच सांगू ताई?” सुनंदा म्हणाली. “मला तुमचा भारी हेवा वाटायचा. मी तर इथे येऊन रोज बादलीभर रडू राहिली, अन् तुम्ही तिकडे पोरीला हसवू राहिल्या. मी म्हणायची, या बाईला देवाने काय काळीज दिलं असेल! लीलाधरभाऊ पण मला रोज हेच विचारतात. दारापर्यंत आली की सुरू… पाच नंबरच्या बाई रात्री तरी रडतात का? जेवतात का? मी म्हटलं, तुम्हीच पुसा ना त्यांना, तर म्हणे, हिंमत नाही होत.”

कुसुमच्या हातातलं चादरीचं टोक सुटलं.

“ताई? काय झालं?”

“ताप चढला गं,” कुसुम म्हणाली. “उतरला होता… मी दादाला कळवलंसुद्धा, की उतरला. आता त्याला काय सांगू?”

आणि मग बांध फुटला. एकोणीस दिवसांचं सगळं बाहेर आलं, नाकातोंडातून, हुंदक्यांवर हुंदके देत. देखणं बिखणं काही नाही. सुनंदाने तिचं डोकं आपल्या मांडीवर घेतलं आणि नवी घडी घातलेली चादर खुशाल तिच्या डोळ्यांना लावली. जिच्या नावाने इतके दिवस बोटं मोडली, तिच्याच मांडीवर!

एक वाजत आला तेव्हा कुसुम परतली. नाक लाल, तोंड सुजलेलं. लीलाधर मालूच्या कपाळावरची पट्टी बदलत होता.

“आत्या, तुझे डोळे लाल काहून?” मालूने क्षीण आवाजात विचारलं.

“आत्या कांदे चिरून आली,” लीलाधर पटकन म्हणाला.

“चादरींच्या खोलीत कांदे?”

“हो. खांडव्याचे,” कुसुम म्हणाली, आणि तिला खरंच हसू आलं. मघापर्यंतच्या हसण्यासारखं ते जड नव्हतं.

ताप एकशे दोनवर होता. एकानेच खाली आला होता, पण आला होता. मालूचा डोळा लागला. लीलाधरची सुट्टी संपली होती, तरी तो उठला नाही.

“तो कागद… भरला का?” कुसुमने विचारलं.

“नाही अजून. एका माणसाला विचारायचं होतं. पण ते माणूस रडायलाच जाईना. मग बसायला सबब कुठली आणू?”

कुसुमने पदराने नाक पुसलं. आपण आत्ता कशा दिसतोय, हे तिला चांगलं ठाऊक होतं. पण तो तसाच बघत राहिला होता, आणि आज पहिल्यांदा तिने नजर वळवली नाही.

“मालू बरी होऊन घरी जाईल ना,” तो हळूच म्हणाला, “तेव्हा त्या खोलीत मला जावं लागेल.”

“तुम्हाला? कशाला?”

“पाच नंबरला दुसरं कुणी येईल म्हणून. तुम्ही नसाल म्हणून.”

व्हरांड्यात कुणीतरी बादली ठेवली. कुसुमने मालूच्या कपाळावरची पट्टी उगाचच पुन्हा सारखी केली.

“माझी शाळा सकाळची असते,” ती म्हणाली. “साडेअकराला सुटते. राजपुऱ्यापासून इथवर चालत वीस मिनिटं.”

“म्हणजे?”

“म्हणजे तुम्ही खोलीत गेलात, तर स्टुलावर कुणीतरी बसायला हवं ना. मी येईन. रोज येईन.”

लीलाधरने खिशातून कागद काढला, औषधांच्या पेटीवर पसरला आणि सावकाश एक शब्द लिहिला: बुऱ्हाणपूर. कुसुमने तो उलट्या बाजूने वाचला. मग पुन्हा एकदा वाचला.

“पण एक आहे,” ती म्हणाली. डोळ्यांत पुन्हा पाणी आलं होतं आणि आवाज मात्र मास्तरणीचा होता. “तुम्ही रडायला जाल, तेव्हा आत घड्या घालायला सोजरबाईच बसतील. सुनंदाबाई नाही.”