तीन खिडक्यांचा वर्ग

एका पत्राला मी एकेचाळीस वर्षं उत्तर दिलं नाही. हरवलं होतं असं म्हणायची सोय नाही. ते माझ्या टेबलाच्या दुसऱ्या खणात, जुन्या चष्म्यांच्या डब्यांखाली, कायम होतं. दर वर्षी खण आवरताना हाताला लागायचं आणि मी ते पुन्हा तिथेच सरकवून ठेवायचो.

पत्र एका दूरच्या देशातल्या शाळामास्तरांचं होतं. इंग्रजीत, सुरेख अक्षरात, मोजून पाच ओळी. 'आपल्या मुलांच्या पुस्तकात आमच्या देशातल्या घरांना खिडक्या नसतात असं छापलं आहे. आमच्या वर्गाला तीन खिडक्या आहेत. सोबत फोटो पाठवत आहे. कृपया दुरुस्ती करावी. मुलं आपल्या उत्तराची वाट पाहत आहेत.'

फोटो पोस्टकार्डाएवढा, काळा-पांढरा. बाकांवर चौदा मुलं, मागे मास्तर, डाव्या भिंतीला तीन उंच खिडक्या. मधल्या खिडकीत फुलदाणी. उन्हाने मुलांचे डोळे बारीक झालेले.

चूक माझी होती. त्या काळी मी एका प्रकाशकाकडे मुलांसाठी जगाची माहिती देणारं पुस्तक तयार करत होतो. प्रत्येक देशाची एक पेटी, पेटीत कार्डं. 'घरं', 'शेती', 'वाहनं' असे मथळे. मजकूर एका कार्डावर मावला नाही तर पुढच्या कार्डावर मथळा पुन्हा लिहायचा, हा आमचा पहिला नियम. मी तोच चुकलो. 'मिठाची कोठारं' या कार्डाचा उरलेला मजकूर बिनमथळ्याच्या कार्डावर उतरवला, ते कार्ड 'घरं'च्या मागे जाऊन बसलं आणि कोठारांचं वाक्य घरांना चिकटलं. चित्रकाराने तसं चित्रही काढलं: नुसत्या भिंती, एक दार, दारात हसरं कुटुंब.

पत्र आल्यावर मला चूक पाच मिनिटांत सापडली. पण पुस्तक तोवर अकरा भाषांत गेलं होतं, आणि साहेबांसमोर जाऊन 'माझं चुकलं' म्हणायची माझी छाती झाली नाही. पुढच्या आवृत्तीत बघू, असं ठरवलं. पुढच्या आवृत्तीतही वाक्य तसंच राहिलं.

हे सगळं मी मेल्यावर माझ्याबरोबर गेलं असतं. पण गेल्या वर्षी नात माझ्याकडे राहायला आली.

ती घरूनच कचेरीचं काम करते, चारला मोकळी होते आणि सहापर्यंत कॉम्प्युटरवर खेळते. इंटरनेटची वायर फक्त माझ्या खोलीत पोचते, म्हणून तिचं टेबल माझ्या पुस्तकांच्या कपाटाला पाठ लावून ठेवलंय. कानांवर काही चढवलं की तिचं डोकं दुखतं, त्यामुळे सगळी बोलणी उघड्यावर, स्पीकरमधून. मी खुर्चीत वाचत बसतो.

"आजोबा, कटकट होते का हो आमची?"

"नाही गं. जाग असते घरात."

खेळ गाव बांधायचा होता. देशोदेशीची माणसं मिळून एक गाव उभं करायची आणि मग ते वादळांपासून, दरोडेखोरांपासून राखायची. खरी नावं कोणीच सांगत नसे. नात म्हणजे 'ठिणगी'. एक 'कॅप्टन' होता, मोठ्याने हसणारा. आणि एक 'सुतार', सावकाश बोलणारा. घरं बांधण्यात त्याचा हात धरणारं कोणी नव्हतं. दारं-खिडक्या म्हटलं की सगळे त्यालाच हाक मारत.

मोडक्यातोडक्या इंग्रजीत एकमेकांची भरपूर टिंगल चाले. आपल्याकडे म्हणे सगळे एकमेकांचे चुलतभाऊ असतात, आणि दुपारी अख्खा देश झोपतो. कॅप्टनच्या देशात म्हणे हसायला परवाना लागतो. मला गंमत वाटायची. कोणालाच कोणाचं काही माहीत नव्हतं, आणि त्याचं कोणाला काही वाटतही नव्हतं.

एके दिवशी कॅप्टन म्हणाला, "सुताराला खिडक्या जमतात तरी कशा? याच्या देशात तर घरांना खिडक्याच नसतात."

"कोण म्हणालं?" नातीने विचारलं.

"शाळेत होतं. पुस्तकात. चित्र होतं, भिंती आणि दारात हसणारी माणसं."

मी हातातलं पुस्तक मिटलं. खूण ठेवायचंही सुचलं नाही.

सुतार हसला. "थांबा," म्हणाला आणि त्याने कॅमेरा सुरू केला. पंचविशीतला, किडकिडीत मुलगा. त्याच्या मागे चौकोनी खिडकी, पिवळा पडदा, बाहेर दोरीवर वाळत घातलेला लाल सदरा. वाऱ्याने सदरा हलत होता.

"झालं समाधान?"

"चित्र चिकटवलंय भिंतीवर," कॅप्टन म्हणाला. बाकीचे खिदळले. त्या दिवसापासून तो विनोदच होऊन बसला. सुतार आला की कोणीतरी विचारायचं, "काय रे, आज बाहेर ऊन आहे का? अरेच्चा, तुला कसं कळणार."

मी नातीपासून सहा फुटांवर बसलो होतो. मला एवढंच म्हणायचं होतं की अगं, ते मी लिहिलंय आणि ते खोटं आहे. मी चष्मा पुसला.

पुढच्या आठवड्यात सुताराने पुन्हा कॅमेरा लावला, तेव्हा खिडकी मला लहान वाटली. पडदा दोन्ही बाजूंना बराच उरत होता. माझी मोतीबिंदूची ऑपरेशनं झालेली आहेत, शिवाय मी आधीच स्वतःच्या डोळ्यांवर फारसा विश्वास ठेवणारा माणूस नाही. लाल सदऱ्याची फक्त एक बाही दिसत होती.

नंतर एका मंगळवारी पडदा भिंतीवर होता. मागे नुसती भिंत, सफेद, गुळगुळीत.

"सुतार, तुझी खिडकी कुठे गेली?" नातीने विचारलं.

"कुठली खिडकी?"

"अरे, त्या पडद्यामागची."

त्याने मागे वळून बराच वेळ पाहिलं. "पडदा असतो तसा भिंतीला," तो म्हणाला. मग जरा थांबून, "असतो ना?"

नातीने आवाज बंद केला आणि माझ्याकडे वळली. "आजोबा, होती ना हो खिडकी? लाल शर्ट वाळत होता बाहेर. तुम्ही पण बघितलात."

"माझं नीट लक्ष नव्हतं," मी म्हणालो.

ती अंघोळीला गेल्यावर मी दुसरा खण उघडला. पत्र होतं तसंच होतं. वर्गाला तीन खिडक्या आहेत, असंच त्यात लिहिलं होतं. फोटोत दोन होत्या.

मी भिंग काढलं. आयुष्यभर मुद्रितं तपासली आहेत, मला मोजता येतं. दाराजवळची एक, फळ्याजवळची एक. मधे भिंत होती. फुलदाणी तिथेच होती, भिंतीला टेकून, खाली कशाचाही आधार नसताना. मी फोटो पालथा घालून ठेवला. एकेचाळीस वर्षांत मी तो कितीदा नीट पाहिला होता? कदाचित पहिल्यापासून दोनच असतील. कदाचित मास्तरच चुकले असतील. दुसऱ्याची चूक निघाली असती तर किती बरं झालं असतं, असं मनात आलं, आणि स्वतःची शरम वाटली.

चार दिवसांनी फोटोत एकच खिडकी होती. मुलांचे डोळे आता बारीक नव्हते. चौदाही जणांनी ते टक्क उघडले होते, अंधाऱ्या खोलीत आल्यावर उघडतात तसे.

सुतार येत राहिला, पण बोलणं कमी झालं. आवाज जवळून यायचा, पेटीत तोंड घालून बोलावं तसा. "ठिणगी, तुमच्याकडे वारा आहे का आज?" असं काहीतरी विचारायचा. खेळात त्याने बांधलेल्या घरांना आता खिडक्या नव्हत्या. कोणी सांगितलं तर म्हणायचा, "कशा करतात ते आठवत नाहीये." कॅमेऱ्यात खोली काळपट दिसायची. बोलून दम लागला की तो टेबलावर बोटाने तीनदा टकटक करायचा. म्हणजे, मी आहे.

"आजारी आहेस का रे तू?" नातीने एकदा विचारलं.

"नाही. हवा कमी आहे इथे."

"मग घराबाहेर पड जरा. दार उघड."

कॅप्टन हसला. "दारं तरी असतात का यांच्याकडे?"

तेवढ्यात स्पीकरमधून ऐकू आलं, सुताराच्या मागे कुठेतरी काहीतरी सरकलं. जड, दगडासारखं.

मी उठलो. नातीच्या खांद्यावरून वाकून तिच्या माईकशी तोंड नेलं.

"असं म्हणू नका," मी म्हणालो. "ते पुस्तकातलं वाक्य चुकीचं आहे."

"हे कोण?" कॅप्टनने विचारलं.

"माझे आजोबा," नात म्हणाली. ती माझ्याकडे बघतच राहिली होती.

"ते पुस्तक मी लिहिलंय," मी म्हणालो.

"तुम्ही लिहिलंय? मग बरोबरच असणार की," कॅप्टन म्हणाला. तो या वेळी चेष्टा करत नव्हता. त्याला खरोखर तसं वाटत होतं.

"ती मिठाची कोठारं होती. घरं नव्हेत. माझं कार्ड चुकलं."

मग सुताराचा आवाज आला, अगदी हळू.

"आमच्या शाळेत सांगायचे. एका मास्तरांनी कोणालातरी पत्र लिहिलं होतं. रोज टपाल यायच्या वेळी मुलांना घेऊन फाटकाशी उभे राहायचे. ते तुम्हालाच का?"

"हो."

"तुम्ही उत्तर दिलंत का?"

माझ्या हातात नातीच्या खुर्चीची पाठ होती. ती मी घट्ट धरली.

"नाही."

टक, टक, टक. मग चित्र काळं झालं.

दुसऱ्या दिवशी सुतार आला नाही. तिसऱ्या दिवशी त्याचं नाव यादीत दिसलं, पण चित्र नव्हतं, आवाज नव्हता. नात हाका मारत होती. "सुतार, आहेस ना रे? काहीतरी बोल." स्पीकरमधून श्वास ऐकू येत होता. सहाच्या सुमाराला एक टकटक आली. एकच.

कॅप्टन पहिल्यांदाच हळू आवाजात बोलला. "ठिणगी, मी गंमत करत होतो गं. त्याला सांग ना."

नात रडवेली झाली होती. "आजोबा, त्याचा पत्ता नाही, खरं नाव माहीत नाही. कुणाला कळवायचं?"

"माझ्याकडे एक पत्ता आहे," मी म्हणालो.

सकाळची वाट न बघता मी तेव्हाच लिहायला बसलो. चार वेळा खोडलं. मास्तर आता हयात असतील असं वाटत नव्हतं, शाळा आहे की नाही ठाऊक नव्हतं. पण माझ्याकडे दुसरा पत्ता नव्हता. शेवटी मास्तरांनी लिहिल्या तेवढ्याच ओळी लिहिल्या. 'आपलं म्हणणं बरोबर आहे. चूक माझी आहे. आपल्या देशातल्या घरांना खिडक्या असतात. आपल्या वर्गाला तीन आहेत. उत्तराला उशीर झाला, क्षमा असावी.'

मग एक कोरं कार्ड घेतलं. त्यावर वरच्या बाजूला, नियमाप्रमाणे, 'मिठाची कोठारं' असा मथळा लिहिला आणि खाली ते खिडक्या नसण्याचं वाक्य.

फोटोही पाकिटात घालायचा होता. भिंगाशिवायच दिसलं. शेवटची खिडकी आता आडवी फट झाली होती, बोटभर उंचीची. मुलं बाकांवर नव्हती. सगळी त्या फटीखाली, भिंतीला चिकटून, एकमेकांच्या खांद्यांवर चढलेली. मास्तर पाठमोरे. त्यांचा एक हात त्या फटीपर्यंत पोचलेला.

मी फोटो आत सरकवून पाकीट बंद केलं.

सकाळी दहाला पोस्टात गेलो. खिडकीवरच्या बाईंनी पाकीट तोललं, तिकिटं लावली, शिक्का मारला. "बाहेरच्या पेटीत टाका," त्या म्हणाल्या. पत्ता वाचून जरा हसल्या. "हाच ना तो देश, जिथे घरांना..."

"नाही," मी म्हणालो. "तसं नाहीये."

मला वाटतं, परक्या माणसाचं बोलणं मी आयुष्यात पहिल्यांदाच तोडलं.

पेटी फाटकाशी होती, उन्हात तापलेली. टपाल नुकतंच काढून नेलं होतं, म्हणजे ती रिकामी असणार. मी पाकीट तिच्या फटीत सरकवलं, अर्ध्यापर्यंत. फटीतून माझ्या बोटांवर हवा आली. गरम, खूप दिवस कोंडलेली, आणि किंचित खारट.

मी पाकीट सोडलं नव्हतं.

ते पडल्याचा आवाज आला नाही. कोणीतरी ते आतून, अगदी अलगद, ओढून घेतलं.