मामाला सुचलेला चेहरा

पॅकअप झालं तेव्हा बाहेर अजून उजेड होता. मामाने मेकअपच्या खोलीत आरशाभोवतीचे दिवे लावले, कापूस फाडून ठेवला, स्पिरिटची बाटली उघडली. रोजचंच काम. सकाळी चढवायचं, संध्याकाळी उतरवायचं.

स्टुडिओत सगळेच त्याला मामा म्हणत. पण खुर्चीत डोळे मिटून बसली होती ती त्याची खरीखुरी भाची, ताईची एकुलती एक लेक.

तरुणपणी एका भयपटासाठी मामाने एका नटाचं श्वापद केलं होतं. कपाळ पुढे आलेलं, नाक बसकं, वरचा ओठ डावीकडे फाटून दातावर चढलेला. त्या एका चेहऱ्यावर सिनेमा चालला. लोक विचारत, हा चेहरा आणलात कुठून? मामा म्हणे, "सुचला." एवढंच. आता त्याचा दुसरा भाग निघाला होता. श्वापदाची मुलगी वयात येते आणि बापाचं रूप तिच्या अंगात उतरतं, अशी गोष्ट. मुलीचं काम भाचीला मिळालं ते मामाच्या शब्दावर. ताई नको म्हणत होती. का, ते तिने सांगितलं नाही. मामानेही विचारलं नाही.

"लवकर कर ना रे, मामा. खाज सुटलीय नुसती. दिग्दर्शक म्हणाले, तुझ्याकडे बघवत नाही."

"तुला बघायला मुलगा येईल ना, तेव्हा असंच बसवतो."

"बसव की. त्यातून टिकला तर जन्मभर टिकेल."

मामाला हसायची सवय नव्हती. त्याने भिजवलेला कापूस कपाळाच्या कडेला धरला. डिंक सुटला, रबर निघालं. मग गालांचे तुकडे निघाले. नाक निघालं. शेवटी ओठ. सगळे तुकडे टेबलावर मांडून त्याने वर बघितलं.

चेहरा तसाच होता.

"झालं?"

"थोडं राहिलंय. डोळे उघडू नकोस."

त्याने दुसरा कापूस घेतला. कड शोधत नख फिरवलं. कड नव्हतीच. कपाळाचं हाडच पुढे आलं होतं आणि त्यावर कातडी ताणलेली होती, गरम. ओठाला जरा जोर लावला, तसं रक्त आलं.

"आई गं... मामा, काय करतोयस..."

मामाने आरशावर चादर टाकली. मग ताईला फोन केला.

ताई आली तोवर अंधार पडला होता. खोलीत स्पिरिटच्या वासाखाली आणखी एक वास दाटला होता, वर्षानुवर्षं न उघडलेल्या खोलीला येतो तसला. भाची तोंड ओंजळीत लपवून हुंदके देत होती. ताईने तिचे हात हळूच बाजूला केले, बघितलं. ती किंचाळली नाही.

"ताई, मी काही केलं नाही गं. तोच डिंक, तेच स्पिरिट. तुकडे सगळे निघालेत, हे बघ..."

"ठाऊक आहे मला."

"मग हा चेहरा..."

"तुला सुचला नव्हता तो." ताईचा आवाज खाली आला. "आई गेली तेव्हा तू धड बोलतही नव्हतास. त्याआधी मागच्या खोलीत ठेवली होती तिला, हाच चेहरा झाला होता तिचा. मी दार लावायची, आणि तू रांगत जाऊन फटीला डोळा लावायचास. तुझा तो श्वापदाचा सिनेमा मी अर्ध्यात सोडून आले, ते काय उगाच?"

"तेव्हा... उपाय काय केला होता?"

"दार लावलं होतं."

मामाने पुन्हा कापूस भिजवला. पुसलेला गाल पुन्हा पुसला. बाटली संपली. भाचीचे हुंदके थांबले. तिने मान कलती करून मामाकडे बघितलं. फाटका ओठ हलला.

"बारक्या... बघू नकोस रे."

आवाज पोरीचा नव्हता. ताईने तो ओळखला आणि दोन्ही हात कानांवर दाबले.

त्या नावाने कधी कुणी हाक मारल्याचं मामाला आठवत नव्हतं. असं काही नाव आपल्याला होतं, हेच त्याला ठाऊक नव्हतं.

तरीही त्याने ओ दिली.