वारुळावरचे पाहुणे

वारुळात कोपरापर्यंत हात घालून बसलेला माणूस मी आयुष्यात पहिल्यांदा बघितला आणि घाबरून ओरडले. त्या दिवशी दुधनीच्या अलीकडं एका गावात आमच्या चष्म्याच्या दुकानातर्फे डोळे तपासायचं शिबिर होतं. वाटेत आमची गाडी चिखलात रुतली. ड्रायव्हर ती काढत होता आणि मी रिमझिम पावसात छत्री धरून बांधावर उभी होते. समोर तुरीच्या रानाच्या कडेला एक मोठं वारूळ, आणि त्याच्याशी गुडघे टेकून बसलेला हा… उजवा हात कोपरापर्यंत मातीत.

मी मुळात काळजीखोर. घरातून निघताना गॅस बंद आहे का ते दोनदा बघते, आणि रिक्षात बसल्यावर आईला फोन करून तिसऱ्यांदा बघायला लावते. तेव्हा माझ्या डोक्यात एकच आलं – साप. अहो, हात काढा, असं मी चांगलं मोठ्यानं म्हणाले.

त्यानं डाव्या हाताचं बोट ओठांवर ठेवलं. मग हळूच, झोपलेल्या बाळाच्या मानेखालून हात काढावा तसा मातीतला हात बाहेर काढला. हातात एक पांढरी छत्री होती आणि तिच्याखाली वीतभर लांब, मातीनं माखलेलं मूळ.

"मुळासकट यायला पायजे," तो कुजबुजला. "मूळ खाली वारुळापतुर जातं बगा. मूळ असलं तर आपलं. नसलं तर हात लावायचा न्हाई."

अळंबी आहे होय, मी म्हणाले. त्यानं असे डोळे मिटले की मला वाटलं, मी त्याच्या पायावर पाय दिला.

"हितं नाव घेऊ नका की… लाजतात ते. पुढल्या वर्षी येत न्हाईत."

मग तुम्ही काय म्हणता त्यांना, असं मी विचारलं. तो सांगणार तेवढ्यात ड्रायव्हरनं जोरात हॉर्न वाजवला आणि मी साडी सावरत पळाले. मागं वळून बघितलं तर तो चिखलाचा हात वर करून हसत होता. ते हसू मी उगाचच सोलापूरपर्यंत घेऊन आले.

थोड्याच दिवसांत, गाडीवरचं नाव वाचून, तो आमच्या नव्या पेठेतल्या दुकानात हजर. नाव सिद्राम. दुधनीत त्याचं पाण्याच्या मोटारी भरायचं दुकान होतं. जळालेल्या मोटारीची तार काढून नवी गुंडाळायची, असलं काम. पावसात शेतकऱ्यांच्या मोटारी बंद, म्हणून मला सध्या वेळच वेळ आहे, असं त्यानं मी न विचारताच सांगितलं. डोळ्यांना कमी दिसतंय, अशी तक्रार होती. मी त्याला खुर्चीवर बसवलं आणि समोरच्या तक्त्यावरची शेवटची ओळ वाचायला सांगितली.

"दिसत न्हाई."

त्याच्या वरची?

"ती पण न्हाई."

सगळ्यात वरचं मोठं अक्षर तरी दिसतंय का, मी विचारलं. तक्त्याकडं बघू का तुमच्याकडं, असं त्यानं इतक्या साधेपणानं विचारलं की शेजारच्या काउंटरवरची पायल खोकायला लागली. मी त्याच्या डोळ्यांत बॅटरी मारली. डोळे ठणठणीत होते आणि जरा जास्तच जवळ होते. मी बॅटरी बंद केली आणि चष्म्याची गरज नाही, असं लिहून दिलं. तरी तो पुढच्या आठवड्यात आला. मग त्याच्या पुढच्या आठवड्यात, येताना कधी मक्याची कणसं नाही तर कधी ओल्या शेंगा घेऊन.

मला तो आवडायला लागला, हे लपवण्यात अर्थ नाही. पण आवडणं आलं की माझ्याकडं काळजीही आपसूक येते. आम्ही बुधवार पेठेतले. पप्पा महापालिकेच्या पाणी खात्यातून निवृत्त झालेले. जात वेगळी, म्हणून आमच्या भिंतीवरचे फोटो वेगळे, त्याच्या भिंतीवरचे वेगळे. त्याच्या घरी आईचा शब्द चालतो, एवढं तो सांगायचा; पण त्या आईला माझ्याबद्दल काय सांगितलंय, हे विचारायचं माझं धाडस होत नव्हतं. तो अजून मला 'तुमी' म्हणायचा आणि मी त्याला 'तुम्ही'. ती एक पायरी कुणी उतरायची, यावरच सगळं अडलं होतं.

अशात एका रविवारी सकाळी मोबाइलवर त्याचा मेसेज आला. "पाहुणे पाठवलेत सकाळच्या गाडीनं. त्यातले दोघं वेगळे हायत, त्यांना आत घेऊ नका, मी आल्यावर बघू. दुपारी येतो."

पाहुणे! मुलगी बघायला पाहुणे येतात, हे मला माहीत होतं. पण असे, न सांगता, रविवारी सकाळी? मी फोन लावला तर बंद. मोटारसायकलवर असणार. मग मी तो मेसेज आईला वाचून दाखवला. आई आधी खाली बसली, मग उठून सरळ पडदे बदलायला लागली. आत घेऊ नका ते दोघं कोण, यावर आमची बरीच चर्चा झाली. भांडकुदळ चुलते असतील, असं पप्पांचं मत पडलं. आलेल्या माणसाला दारात उभं ठेवायचं मला जमणार नाही, असंही त्यांनी बजावलं. मी मोरपंखी साडी नेसले, सोडली, आणि परत तीच नेसले.

तेवढ्यात दुधनीहून रोज भाजी घेऊन येणारा धुळाप्पा दारात आला. सिद्रामनं दिलंय, म्हणून त्यानं फडक्याचं एक गाठोडं आईच्या हातात ठेवलं आणि मंडईला उशीर होतोय म्हणत तसाच पळाला. गाठोड्यात पांढरीशुभ्र अळंबी होती. आत आणखी एक लहान पुरचुंडी होती, त्यात दोन अळंब्या, चांगल्या टपोऱ्या. मोठ्या म्हणून जपून वेगळ्या बांधल्या असतील, आई म्हणाली. पाहुण्यांनी पुढं पाठवलेली भेट पाहुण्यांच्याच ताटात वाढावी, यापेक्षा चांगला पाहुणचार कोणता? तिनं कांदा, काळं तिखट घालून सगळीच एकत्र शिजवली. घरभर असा वास सुटला की माझी भीतीसुद्धा थोडी कमी झाली.

पाहुण्यांचा पत्ता नव्हता. पप्पांना साखर आहे. गोळी घेतली की त्यांना जेवावंच लागतं. त्यांनी भाकरीबरोबर वाटीभर भाजी खाल्ली आणि मटणाला मागं सारते म्हणाले. मी आणि आई थांबलो. पाहुण्यांच्या आधी बायकांनी कसं जेवायचं?

दुपारी सिद्राम आला. एकटाच. मी त्याच्या मागं गल्लीत बघितलं आणि बाकीचे पाहुणे कुठं आहेत, असं विचारलं.

"सकाळीच पाठवले की धुळाप्पाबरूबर," तो म्हणाला. "आमी त्यांना पाहुणेच म्हणतो. नाव घेत न्हाई म्हणलो नव्हतो का?" मग त्याची नजर माझ्या साडीवर गेली, स्वयंपाकघरातून आलेला वास त्याला लागला, आणि त्याचा चेहरा उतरला. "ती बारकी पुरचुंडी… कुटं हाय?"

आईनं कढईकडं बघितलं.

त्या दोन अळंब्या त्यानं वारुळावरून नाही, गुरं बसतात त्या माळावरून उपटल्या होत्या. त्यांना मूळ नव्हतं. खरी कोणती आणि खोटी कोणती, हे माझ्यासमोर दोन्ही ठेवून मला दाखवायचं होतं त्याला. हुशारी मारायची होती, असं तो स्वतःच म्हणाला.

कुणी खाल्लंय, त्यानं विचारलं. पप्पांनी आतून हात वर केला.

मग काय झालं ते मला अजून नीट लावून सांगता येत नाही. तो सरळ स्वयंपाकघरात गेला. त्यांना जे होईल ते मला पण होऊ द्या, असं काहीतरी बोलत त्यानं कढईत चमचा घातला. मी त्याच्या हातावर इतक्या जोरात मारलं की चमचा थेट मोरीत जाऊन पडला.

"अक्कल आहे का तुला? एकाची काळजी करताना जीव चाललाय माझा, आणि तुझी पण करू?"

आईनं माझ्याकडं बघितलं. आईपप्पांसमोर मी त्याला 'तू' म्हणाले होते, आणि ते कुणालाच दुरुस्त करावंसं वाटलं नाही. त्यानं गुपचूप उरलेली भाजी डब्यात भरली, साली आणि देठ कागदात बांधले, आणि रिक्षा बोलवायला धावला.

दवाखान्यात डॉक्टरांनी कधी खाल्लं, किती खाल्लं, सगळं विचारलं. आम्ही तोंड उघडायच्या आत सिद्राम पुढं झाला आणि चूक माझी आहे म्हणून पहिल्यापासून सांगितलं. वाईट कुठल्या ते मला मुळावरून ओळखता येतं, असंही तो सवयीनं बोलून गेला. डॉक्टर चिडल्या. मुळावरून ओळखतो, रंगावरून ओळखतो म्हणणाऱ्यांच्याच घरचे लोक इथं येतात, त्या म्हणाल्या. शिजवून विष जात नाही आणि चवीवरून कळत नाही. काही अळंब्यांचा त्रास लगेच होतो. काहींचा मात्र पुष्कळ उशिरा कळतो, आणि तोवर आत लिव्हर बिघडत असतं. म्हणून बरं वाटत असलं तरी घरी सोडायचं नाही.

पप्पांना खरंच बरं वाटत होतं. ते सलाइन लावून घेत नर्सला पाणी खात्यातले किस्से सांगत होते. त्यांचं ते बरं असणंच मला बघवत नव्हतं.

मग त्यांचं बोलणं मध्येच थांबलं. कपाळावर घाम आला. पहिली उलटी झाली, मग दुसरी, मग मी मोजणं सोडलं. माणूस एका दुपारीत केवढा लहान दिसायला लागतो… आई त्यांचे पाय चोळत होती. मी बाहेर आले तर सिद्राम भिंतीला टेकून उभा होता. पावसात भिजलेला शर्ट त्याच्या अंगावरच वाळला होता.

"पप्पांना काही झालं ना," मी म्हणाले, "तर तुझं तोंड बघणार नाही मी. कधीच."

"दाखवणार पण न्हाई," तो म्हणाला. "पण तवर हितनं हलणार न्हाई, तेजश्री. तू हाकललंस तरी."

मला त्याचा राग आला होता, खूप. आणि त्याच्या खांद्यावर डोकं टेकून रडावंसंही वाटत होतं. दोन्ही खरं होतं. मी दोन्ही केलं नाही. त्याच्याजवळ, मध्ये हातभर जागा सोडून, तशीच भिंतीला टेकून उभी राहिले. थोड्या वेळानं डॉक्टर बाहेर आल्या. उलट्या लवकर सुरू झाल्या हे त्यातल्या त्यात बरं लक्षण आहे, त्या म्हणाल्या, पण खात्री उद्याच्या रक्ताच्या रिपोर्टनंतरच. उलट्यांचा कुणाला आनंद होतो का? आम्हाला झाला. दोघांनी एकदमच श्वास सोडला आणि एकमेकांकडं बघायचं टाळलं.

सकाळचा रिपोर्ट चांगला आला. लिव्हर ठीक, किडन्या ठीक. आणखी एक दिवस ठेवून घेऊ, डॉक्टर म्हणाल्या. पप्पांनी मऊ भात खाल्ला आणि तो पोटात राहिला. मग त्यांनी सिद्रामला खाटेजवळ बोलावलं. आईला वाटलं, आता ते त्याला फैलावर घेणार.

"काल आमच्या घरी पडदे का बदलले होते, माहितीय का?" पप्पांनी विचारलं. "आमाला वाटलं, तुमच्याकडचे मुलगी बघायला येणार. ही दोनदा साडी नेसली."

मी पप्पा म्हणून ओरडणार होते, पण आजारी माणसावर ओरडता येत नाही. सिद्रामनं माझ्याकडं बघितलं. मी खिडकीतून बाहेर बघितलं. बाहेर बघण्यासारखं काहीच नव्हतं.

"आता करायचंय का न्हाई ते एकदा सांगून टाका," पप्पा म्हणाले, "मला झोप येतीय."

"करायचंय," तो म्हणाला. "पण आज विचारायला मला तोंड न्हाई."

"मला आहे," मी म्हणाले. माझे कान तापले होते, पण शब्द निघाले. "माझ्याशी लग्न करतोस का, सिद्राम? पण आधी तुझ्या घरी सांग. मला चोरून काही नको. नाही म्हणाले तर नाही म्हणाले… पण मला आजच कळू दे. आणखी काळजी करायची ताकद नाही राहिली आता."

त्यानं फोन काढला. तिथंच, पप्पांच्या खाटेशी उभं राहून त्यानं आईला फोन लावला आणि कानडीत बोलायला लागला. मला कानडी येत नाही. अव्वा, अव्वा एवढं कळत होतं, दवाखाना कळला, आणि मध्ये दोनदा माझं नाव आलं. मग तो गप्प झाला. पलीकडून काहीच येत नव्हतं. त्या शांततेत मी भिंतीवरचे सगळे फोटो, दोन्ही घरांचे, मनातल्या मनात एकेक करून बघितले.

मग त्यानं फोन माझ्यापुढं धरला. आईला तुझ्याशी बोलायचंय, मराठी येतं तिला, एवढंच म्हणाला.

मी हॅलो म्हणाले. ते मला स्वतःलासुद्धा ऐकू आलं नाही.

"मी शरणम्मा," पलीकडून जाड, दमलेला आवाज आला. "तुजे पप्पा कसे हायत गं आता? पोटात काय ठरतंय का?"

इतक्या वेळात मला रडू आलं नव्हतं, ते तेव्हा आलं. मऊ भात खाल्ला, ठरला, असं मी कसंबसं सांगितलं.

"बरं झालं," त्या म्हणाल्या. "माज्या पोरानं लई ताप दिला तुमाला. त्यांना घरी येऊ दे आदी. मग आमी कदी यायचं, ते तुज्या आईला इच्यारून सांग."

मी आईकडं बघितलं. ती पप्पांची चादर सारखी करत होती, जी आधीच सारखी होती. विचारायची गरजच नव्हती.

"कधीही या," मी म्हणाले.