टेकला!

त्या वर्षी नैरोबीच्या जागतिक मैदानी स्पर्धेत महिलांच्या तिहेरी उडीची अंतिम फेरी सुरू झाली, तेव्हा धावपट्टीवर उतरलेल्या बहुतेक मुलींची उडी त्यांची स्वतःची नव्हती. कुणाची एखाद्या निवृत्त खेळाडूकडून आलेली, तर कुणाची मरून गेलेल्या बाईची. फलकावर खेळाडूच्या नावाखाली बारीक अक्षरांत तसं लिहिलेलं असायचं. लोक शेंगदाणे खात ते वाचायचे आणि पुढचं बघायचे. एकदा सवय झाली की माणसाला कशाचंच काही वाटत नाही.

भारताच्या तन्मयी सरंजामेच्या नावाखाली लिहिलं होतं, 'ठसा: काळसेकर अकादमी'. वाळूच्या हौदाला लागून असलेल्या पहिल्या रांगेत बसलेल्या चैत्राली दुधाणेनं ते वाचलं आणि तिच्या कपाळाची शीर ताडताड उडायला लागली.

"अकादमी म्हणे! अकादमीला पाय असतात होय?"

शेजारी बसलेल्या, अकादमीच्या प्रयोगशाळेतल्या डॉ. नंदिता पाळंदे चष्मा पुसायला लागल्या. बोलणार तरी काय? चैत्रालीच्या डोक्यातून तो ठसा त्यांनीच तर काढला होता.

ठसा म्हणजे काय, हे आता शाळेतल्या पोरांनाही ठाऊक आहे, पण थोडक्यात सांगायला हवं. लहानपणी सायकल शिकलेला माणूस म्हातारपणीही सायकल चालवतो. ते कसब त्याच्या पायांत नसतं. मेंदूच्या मागच्या बाजूला, मानेच्या वर, लहान मेंदू असतो, त्यात ते कोरलेलं असतं. हे कोरीवकाम वाचायचं आणि दुसऱ्याच्या लहान मेंदूत उतरवायचं तंत्र हाती आलं, तेव्हा त्याला 'अंगठसा' म्हणाले. लोकांनी 'अंग' गाळलं, ठसा तेवढा ठेवला. मग कज्जे झाले आणि न्यायालयानं निवाडा दिला की शरीर ज्याचं त्याचं, पण कसब ज्यानं घडवलं त्याचं. म्हणजे उडी मारणारीची नव्हे, तिच्या प्रशिक्षकाची. वा रे न्याय! उद्या म्हणाल, भाकरी थापणारीची नव्हे, तव्याची.

चैत्रालीचे प्रशिक्षक नरहर काळसेकर. निवड चाचणीच्या दिवशी तिचा उजवा गुडघा सुजून टम्म झाला होता. "सर, आज नको," ती रडकुंडीला येऊन म्हणाली होती. "काही होत नाही. सुई घेतलीयस ना?" म्हणत सरांनी तिला पट्टीवर ढकललं. तिसऱ्या उडीला गुडघा गेला, तो कायमचा. शस्त्रक्रियेसाठी तिला भूल दिलेली असतानाच सरांनी तिचा ठसा काढून घेतला. शुद्धीवर आल्यावर उशाशी बसून ते म्हणाले, "तू आता उडणार नाहीस, चैत्राली. पण तुझी उडी उडेल. आनंद मान." त्या दिवसापासून तिच्या पोटात एकच गोष्ट जळत होती. या माणसाच्या तोंडचा घास काढायचा, तोही ऐन जेवताना.

सरांनीच तिला या स्पर्धेचा पास पाठवला होता. मन मोठं आहे ना त्यांचं!

"डॉक्टर," चैत्रालीनं विचारलं, "ठसा काढताना माणसाचं सगळंच येतं का त्यात?"

"नाही नाही. आम्ही गाळून घेतो," पाळंदेबाईंना बोलायला विषय मिळाला. "वेदना, भीती, दुखापतीची आठवण, सगळं काढून टाकतो. उरते ती निव्वळ उडी. पहिली लंगडी, मग ढांग, मग झेप. ज्या पायानं उडालात त्याच पायावर पडायचं, मग दुसऱ्या पायावर, मग वाळूत."

"लंगडी," चैत्राली म्हणाली. "तुम्ही कधी खेळलात?"

"छे! आमच्या शाळेत टेबल टेनिस होतं."

चैत्राली हसली. तिची सगळी उडी माणदेशातल्या एका शाळेच्या फुफाट्यात, लंगडीतून घडली होती. लंगडी घालणारीचा उचललेला पाय जमिनीला लागला की ती बाद. मैदानातल्या पोरी लबाड. पाय लागला नसतानाही "टेकला, टेकला!" करून ओरडायच्या आणि लंगडी घालणारीला बिचकवायच्या. त्यांच्या लंगडीच्या बाई तर चिंचेचा फोक घेऊन उभ्या. "टेकला" ऐकूनही जिचा पाय वर गेला नाही, तिच्या पोटरीवर फोक बसलाच म्हणून समजा. त्यामुळे तो शब्द कानावर पडला की चैत्रालीचा उचललेला पाय विचारबिचार न करता सट्कन कुल्ल्याला चिकटायचा. विज्ञानाच्या भाषेत याला प्रतिक्षिप्त क्रिया म्हणतात. माणदेशात फोकाची महती म्हणतात.

आता गाळणाऱ्यानं गाळायचं काय, तर जे त्याला ठाऊक आहे ते. प्रयोगशाळेत एकानंही लंगडी घातलेली नव्हती. उडीच्या ठशात त्यांना पाय वर ओढणारी ती गाठ दिसली असेल, पण ती उडीचाच भाग समजून त्यांनी राहू दिली.

चैत्रालीला हे कळलं ते योगायोगानं. मागल्या वर्षी पुण्यात ती सराव बघायला गेली होती. तन्मयी एका पायावर उभी राहून बुटाची नाडी बांधत होती. इंग्रजी शाळेतली पोरगी, लंगडी कशाशी खातात हेही माहीत नाही. चैत्राली जळफळाटानं पुटपुटली, "टेकला." पोरीचा पाय असा झटक्यात वर गेला की ती धपकन बसलीच. "अय्या! हे काय झालं हो, ताई?" म्हणून ती खो-खो हसली. चैत्राली हसली नाही. आपल्याला काय सापडलंय, हे तिला त्याच क्षणी उमगलं होतं. पुढे वर्षभर तिनं ते कुणालाही सांगितलं नाही.

फोन वाजला. भारतातून मिहिका, तिची लेक.

"आई, मी मैदानावर आलेय! आमच्या शाळेची सहउडी आहे ना आज!"

सहउडी ही काळसेकरांचीच टूम. अंतिम उडीच्या वेळी देशभरातल्या शाळांच्या मैदानांवर मोठे पडदे लावायचे आणि तन्मयी धावली की तिच्याबरोबर पोरींनीही धावून उडी मारायची. प्रक्षेपण दोन-तीन सेकंद उशिरा पोहोचायचं, पण चित्र आणि आवाज एकदमच यायचे, त्यामुळे कुणाचं काही बिघडत नव्हतं.

"बाई म्हणाल्या, मी एकदम तुझ्यासारखी उडते. आधी मला येतच नव्हतं. आता खेळाच्या तासाला निळी टोपी घालून डोळे मिटून बसवतात ना, तेव्हापासून आपोआप यायला लागलं."

"टोपीनं कशाला येईल? माझी लेक आहेस तू. खाण तशी माती!" चैत्रालीचा ऊर भरून आला. "नीट उड हं, बाळा."

तेवढ्यात तन्मयी कठड्याशी आली. शेवटची उडी बाकी होती आणि सुवर्णपदक बोटभर लांब होतं. तिनं कठड्यावरून वाकून चैत्रालीच्या पायांना हात लावला. "ताई, आशीर्वाद द्या. तुमचीच उडी आहे."

पोरगी वाईट नव्हती, हीच तर पंचाईत होती. तिनं पोरीच्या डोक्यावर हात ठेवला आणि एक क्षण वाटलं, जाऊ दे मरू दे.

"ताई, गुडघा जरा दुखतोय," तन्मयी हळूच म्हणाली.

मागून काळसेकर आले. "काही होत नाही. सुई घेतलीयस ना?" मग चैत्रालीकडे बघून मिशीत हसत म्हणाले, "काय गं, बघतेस ना? अशी घडवायची असते उडी. तू मधेच मोडलीस, नाहीतर..."

तू मोडलीस! गुडघा मोडणारा म्हणतोय, तू मोडलीस! चैत्रालीच्या डोळ्यांपुढे लाल अंधारी आली. पोरीची दया, आशीर्वाद, सगळं त्या एका वाक्यात जळून गेलं. उडी माझी आहे. या माणसानं ती चोरली. मग मोडायचा हक्कही माझाच.

तन्मयी पट्टीच्या टोकाला जाऊन उभी राहिली. इतर मुली प्रेक्षकांकडून टाळ्यांचा ठेका मागतात. तन्मयीनं ओठांवर बोट ठेवलं. हीसुद्धा चैत्रालीचीच सवय, तिला उडताना शांतता लागायची. सगळं स्टेडियम चिडीचूप झालं. हौदाकाठचे ध्वनिग्राहक तिच्या पावलांचा आवाज टिपायला सज्ज होते. मोठ्या पडद्याच्या कोपऱ्यात भारतातली मैदानं दिसत होती, संध्याकाळच्या उन्हात रांगेनं उभ्या राहिलेल्या पोरी. आधीच्या उडीत त्या सगळ्यांची पावलं इतकी एकसारखी पडली होती की समालोचक म्हणाला होता, काय ही शिस्त!

तन्मयी धावली. उडीच्या फळीवर पाय. लंगडी, उजव्या पायावर. ढांगेसाठी डावा पाय पुढे आला, आता टेकणार...

"टेकला!"

चैत्राली उभी राहून बेंबीच्या देठापासून ओरडली होती. तन्मयीचा डावा पाय सट्कन वर, कुल्ल्याला चिकटला. खाली यायला पायच नव्हता. वेगात आलेलं सगळं अंग उजव्या गुडघ्यावर कोसळलं आणि कडकन आवाज झाला, तो पहिल्या रांगेपर्यंत ऐकू आला. पोरगी किंचाळली. काळसेकर डोक्याला हात लावून मटकन खाली बसले.

चैत्रालीनं डोळे भरून ते पाहिलं. इतक्या वर्षांची आग निवली. बरं झालं, ती मनात म्हणाली. लाज वाटायला हवी होती, पण वाटली नाही. बरं झालं!

मग शेजारून कण्हल्यासारखा आवाज आला. पाळंदेबाई तन्मयीकडे बघतच नव्हत्या. त्यांची नजर मोठ्या पडद्याच्या कोपऱ्यावर खिळली होती. प्रक्षेपण आता तिकडे पोहोचलं होतं. चैत्रालीचा आवाज साऱ्या मैदानांवरून एकदम घुमला आणि रांगेतल्या पोरींचे डावे पाय सट्कन वर गेले. एका मैदानावर, दुसऱ्यावर, तिसऱ्यावर, पोरी उजव्या गुडघ्यांवर कोसळत होत्या.

"असं कसं होईल?" चैत्राली म्हणाली. "ठसा एकीलाच देता येतो. नियमच आहे तसा. एकीलाच दिलाय ना? बोला की, बाई!"

"स्पर्धेत एकीला," पाळंदेबाई पडद्यावरची नजर न काढता म्हणाल्या. "काळसेकर म्हणाले, पोरी लहान असतानाच द्यायचा, म्हणजे पुढे निवडायला बऱ्या. शाळांना आम्ही... थोडा पातळ करून... निळ्या टोप्यांतून..."

निळ्या टोप्या.

चैत्रालीनं फोन लावला. पुन्हा लावला. बऱ्याच वेळानं तो उचलला गेला. मागे पोरींचा आणि बायांचा रडारडीचा नुसता कालवा चालला होता. मिहिका हुंदके देत होती.

"आई, गुडघ्याचं बघ ना काय झालंय. मला पाय खाली टेकवायचा होता गं, पण टेकवताच आला नाही. कुणीतरी ओरडलं ना एकदम."

"हो, बाळा. हलू नकोस. रडू नकोस, मी..."

"आई," मिहिका म्हणाली, "तो आवाज तुझा होता. तू का ओरडलीस?"