पावसाळ्यातली पानं

ती शांतता वाचनालयाची नव्हती. वाचनालयाच्या शांततेला पान उलटल्याचा, खुर्ची सरकल्याचा, कुणीतरी खोकला गिळल्याचा बारीकसा पोत असतो; ही शांतता मात्र कोरडी होती, अंगावर येणारी. टेबलामागे उभ्या असलेल्या तिच्या हातातला तारखेचा शिक्का हवेतच थांबला होता. टेबलापलीकडे तो उभा होता, नेहमीसारखाच किंचित वाकून, जणू स्वतःच्या उंचीबद्दल क्षमा मागत. आणि त्याने नुकतंच उच्चारलेलं वाक्य दोघांच्या मध्ये, उघड्या पुस्तकावर, कुणीतरी आणून ठेवावं तसं पडून होतं.

"डोंगरगाडी बंद करावी, असा अहवाल मी लिहिलाय. उद्या सकाळी पाठवायचाय."

कोपऱ्यात पुस्तकांना कव्हरं घालणाऱ्या काकूंचे हात थबकले. मग त्यांनी उगाचच डिंकाची बाटली उचलली आणि त्या आतल्या खोलीत निघून गेल्या.

"कुठली डोंगरगाडी?" तिने विचारलं.

विचारल्यावर तिचं तिलाच कळलं की आपण काय विचारलं. गावात डोंगरगाडी एकच होती. एकतीस वर्षं ती तिचे बाबा चालवत होते.



तीन आठवड्यांपूर्वी, तो पहिल्यांदा आला तेव्हा, त्याचं डोकं पाटीवर आपटलं होतं. येत्या रविवारी गाडीला शंभर वर्षं पूर्ण होणार होती, म्हणून तिने दाराजवळची एक फळी रिकामी करून तिथे यादी करून सात पुस्तकं मांडली होती आणि दाराच्या चौकटीला दोरीने पाटी टांगली होती: 'आपल्या गाडीविषयी, जरूर वाचावं असं'. तो टपाल कचेरीचा रस्ता विचारायला म्हणून आत शिरला आणि पाटीने बरोबर त्याचा माथा गाठला. माथा चोळायचं सोडून त्याने खिशातून मोजपट्टी काढली.

"एकशे ब्याऐंशी," तो गंभीरपणे म्हणाला. "माझ्यासाठी दोन सेंटिमीटर कमी पडली."

"बरोबर आहे. वाचकाने वाकूनच यावं, म्हणून तशी बांधलीय."

तो हसला. हसताना त्याचा डावा डोळा उजव्याच्या आधी बारीक व्हायचा, हे तिने त्याच दिवशी टिपलं.

टपाल कचेरी राहिली. त्याने पहिलं पुस्तक उचललं, मार्ग आखणाऱ्या अभियंत्याच्या बायकोच्या आठवणींचं. प्रत्येक पुस्तकात तिने स्वतःच्या हातची एक चिठ्ठी खोचली होती. या चिठ्ठीवर लिहिलं होतं: 'नवरा डोंगर मोजत होता, ही दिवस.' त्याने ती दोनदा वाचली आणि पुस्तक घेऊन गेला. तिसऱ्या दिवशी परत आणलं, दुसरं नेलं. मग छायाचित्रांचं — 'बोगद्यातून बाहेर येणाऱ्यांचे चेहरे बघा.' मग लहान मुलांसाठीचं — 'मोठ्यांनी लपूनछपून वाचावं.'

"लपून वाचलंत का?" तिने विचारलं होतं.

"पांघरुणात. टॉर्च लावून. पण यादीबाई, त्यात इंजिनाला डोळे काढलेत. तुमच्या बाबांच्या इंजिनाला आहेत का?"

"आहेत. आणि ते तुमच्यावर आहेत, मोजपट्टी. सांभाळून."

नावं पडली ती अशी. खरी नावं सभासदाच्या कार्डावर होती; ती तिथेच राहिली. आपण पुलांची कामं करतो, एवढं त्याने सांगितलं होतं. शंभरीच्या निमित्ताने कुठे डागडुजी, रंगरंगोटी चालली असेल, असं तिने गृहीत धरलं. आणि गृहीत धरलेल्या गोष्टी मनात किती ऐसपैस बसतात! काकू मात्र सुईत दोरा ओवता ओवता म्हणाल्या होत्या, "माणूस मोजून बोलतो गं. तुझ्याशी बोलताना तेवढं माप चुकतं त्याचं."

सातवं पुस्तक सगळ्यात बारीक. साठ वर्षांपूर्वी रूळ तपासत रोज पायी फिरणाऱ्या एका कामगाराची ती रोजनिशी होती. त्याच्या माघारी घरच्यांनी छापली. आता तिची एवढी एकच प्रत उरली होती. ती वाचनालयाबाहेर न्यायची नाही, असा नियम. त्यामुळे गेले आठ दिवस तो रोज दुपारी तिच्या समोरच्या टेबलाशी बसून वाचत होता, आणि ती रोज दुपारी त्याच त्या कार्डांची मांडणी नव्याने करत होती. या पुस्तकातल्या चिठ्ठीवर तिने लिहिलं होतं: 'पावसाळ्यातली पानं सावकाश वाचा.'

त्या पानांत तिचं लाडकं वाक्य होतं. 'नववं वळण. हातोडी मारली. आज भिंत गायली.'

गेल्या आठवड्यात, तिच्या सुट्टीच्या दिवशी, ते दोघं गाडीने वर गेले. बाबांनी इंजिनातून वाकून त्याला आपादमस्तक न्याहाळलं आणि "बसा, बसा... खिडकीपाशी नका बसू, धूर येतो," एवढंच म्हणून पसंती की नापसंती ते गुलदस्त्यातच ठेवलं. नवव्या वळणावर गाडी नेहमीसारखी मंदावली. वळण ओलांडून इंजिन पाणी भरायला थांबलं, तेव्हा दोघं खाली उतरले आणि निसरड्या पायऱ्यांवरून रुळांखालच्या दगडी भिंतीपाशी गेले. धुकं इतकं दाट होतं की गाडीचे डबे असल्याचा फक्त भास होत होता. त्याने भिंतीला कान लावला. बोटाच्या पेरांनी ठोकलं... थांबला... पुन्हा ठोकलं.

"गातेय?" तिने कुजबुजत विचारलं.

त्याने ओठांवर बोट ठेवलं. मग तिनेही कान लावला. दगड गार होता, शेवाळाचा ओला वास होता, आणि त्याचा चेहरा तिच्या चेहऱ्यापासून जेमतेम वीतभर लांब होता. पापणीवर धुक्याचा एक थेंब अडकला होता. त्याच्या की तिच्या, हे आता तिला सांगता आलं नसतं.

"हं," तो म्हणाला होता. "ऐकू येतंय."

तिने डोळे मिटून घेतले होते. घरी परतल्यावर तिने ते वाक्य एका लांब कागदी पट्टीवर सुरेख अक्षरात लिहिलं आणि दुसऱ्या दिवशी फळीवर लावलं: 'आज भिंत गायली.'

आत्ता, या कोरड्या शांततेत, ती पट्टी त्याच्या डोक्यामागे दिसत होती.

"तुम्ही पुलांची कामं करता म्हणालात," ती म्हणाली. आवाज तिचाच होता, पण दुसऱ्याच खोलीतून आल्यासारखा.

"तपासणीची. तुम्ही पुढे काही विचारलं नाहीत..."

"आणि तुम्ही सांगितलं नाहीत."

"नाही सांगितलं," त्याने मान्य केलं. मग टेबलावरची उघडी रोजनिशी तिच्याकडे फिरवली. "चिठ्ठीवर लिहिलंत, पावसाळ्यातली पानं सावकाश वाचा. मी वाचली. अकरा पावसाळे आहेत यात. दर पावसाळ्यात एकच नोंद. भिंतीतून येणारं पाणी गढूळ. हातोडी मारली, भिंत गायली."

"मला वाटलं... तो कवी होता."

"असेलही. पण भरीव भिंत गात नाही हो. ठक्क वाजते आणि गप्प बसते. गाते ती पोकळ. तिच्यामागची माती पाण्याबरोबर वाहून जातेय. साठ वर्षांपूर्वीही जात होती, मी परवाच्या पावसात जाऊन बघितलं, अजून जातेय. गाडी एका टरफलावरून चाललीय."

ती पट्टीकडे बघत राहिली. इतकी वर्षं तिने ते वाक्य किती जणांना वाचून दाखवलं होतं! शाळेच्या सहलींना, पाहुण्यांना, स्वतःला. एक माणूस साठ वर्षं हाका मारत होता आणि तिने त्याच्या हाकेला चाल लावली होती.

मग दुसरा धक्का बसला, पहिल्याहून बारीक, आणि म्हणून अधिक खोल.

"म्हणजे त्या दिवशी धुक्यात... तुम्ही तपासणी करत होतात."

"हो."

शिक्का तिने खाली ठेवला.

"एवढंच नाही," तो घाईने म्हणाला. घाई त्याच्या स्वभावात नव्हती. "आधी कळलं की भिंत पोकळ आहे. मग तुम्ही शेजारी कान लावलात. त्यानंतर मी तीनदा ठोकलं आणि तिन्ही वेळा काय ऐकलं ते मला आठवत नाही. सहा पुस्तकं मी दोन दिवसांत वाचून संपवली असती. एकेक करून नेली, कारण एकेक करून परत आणता यायची... मला असं बोलता येत नाही. तुम्हाला कळतंय ना?"

कळत होतं. तीन आठवडे जे ऐकायला ती कान टवकारून बसली होती, ते नेमकं आज, नेमकं असं येत होतं.

"म्हणून एक विचारतो." त्याने रोजनिशीवर हात ठेवला. "भिंत बाहेरून ठणठणीत दिसते. बांधकामाचे जुने नकाशे कुठेच सापडत नाहीत. मी एकट्याने ठोकून बघितलं, एवढ्यावर कुणी गाडी थांबवणार नाही. पुरावा हे पुस्तक आहे, आणि ते एकच आहे. तुम्ही म्हणालात तर... मी याचा उल्लेख करत नाही. पुढील तपासणी आवश्यक, एवढं लिहितो. त्याला दोन वर्षं लागतात. तुमचे बाबा पाच महिन्यांनी निवृत्त होतायत."

तिला वाटलं, आपल्या ऐकण्यात चूक होतेय. पण तो तिच्याकडे बघत होता, आणि त्या बघण्यात प्रेम होतं. तेच भयंकर होतं. ज्याने पाटीचे दोन सेंटिमीटर माफ केले नव्हते, तो माणूस एक आख्खी भिंत तिच्या ओंजळीत ठेवून म्हणत होता, घ्या.

"आणि रविवारी?" तिने विचारलं. "रविवारी सगळे डबे भरलेत. पुढे बाबा असतील."

"गाडी शंभर वर्षं गेलीच आहे..." तो म्हणाला, आणि वाक्य संपायच्या आत त्याची नजर खाली गेली.

आज सकाळी बाबा ओट्याशी उभे राहून गणवेशाची पितळी बटणं घासत होते. एकेक बटण उजेडात धरून बघत होते. "रविवारी चेहरा दिसला पाहिजे यात," म्हणाले होते. आणि लहानपणी, इंजिनात त्यांच्याशेजारी उभं राहून तिने कितीदा विचारलं असेल, बाबा, नवव्या वळणावर गाडी हळू का करता? दरी बघता यावी म्हणून? बाबा हातातल्या दांड्यावरून नजर न हलवता म्हणायचे, "इथं तिला जपून न्यावं लागतं."

बाबांच्या हातांना ठाऊक होतं. कदाचित त्यांनी ते स्वतःलाही कधी सांगितलं नव्हतं. पण एकतीस वर्षं त्यांचे हात ती रोजनिशी रोज वाचत होते.

तिने पुस्तक स्वतःकडे ओढलं. पहिल्या पानातली चिठ्ठी काढली आणि पावसाळ्याच्या पानांत, नेमक्या त्या नोंदीशी, खोचली. मग कोऱ्या कार्डावर त्याचं नाव लिहिलं. सभासदाच्या कार्डावरचं, खरं नाव, पूर्ण.

आतल्या दारातून काकू म्हणाल्या, "पोरी, ते पुस्तक बाहेर जात नाही गं."

"आज जातंय, काकू."

शिक्का उमटला. पंधरा दिवसांनंतरची तारीख, जांभळी, थोडी तिरकी. तिने पुस्तक त्याच्यापुढे सरकवलं.

त्याने ते दोन्ही हातांनी उचललं. चेहरा पार उतरला होता, आणि तरी एखादं ओझं खाली ठेवलेल्या माणसाचे असतात तसे खांदे पहिल्यांदाच सरळ झाले होते. पूर्ण एकशे चौऱ्याऐंशी.

"मी हे परत द्यायला आलो," तो म्हणाला, "तर... बोलाल माझ्याशी?"

वरून, धुक्यातून, शिट्टी ऐकू आली. एक लांब, मग एक आखूड. बाबांची गाडी नवव्या वळणापाशी आली होती. टेबलामागे ती जागच्या जागी उभी राहिली, श्वास धरून, गाडी वळण ओलांडेपर्यंत. इंजिनाची धाप पुन्हा लयीत आली, तेव्हा तिने श्वास सोडला, फळीवरची ती लांब पट्टी अलगद काढून तिची गुंडाळी केली आणि खुंटीवरची छत्री घेतली. खालच्या स्टेशनात गाडी लागायला वीस मिनिटं होती. बाबांना हे दुसऱ्या कुणाकडून कळता कामा नये.

तो दाराच्या वाटेवरच उभा होता. तिने एकदा त्याच्याकडे बघितलं... मग पाटीखालून, जिथे तिला कधीच वाकावं लागत नसे तिथे मान खाली घालून, ती बाहेर पडली.