झुकणारी बुरशी

प्रयोगशाळेच्या बुरशी विभागात पंचवीस वर्षं काढलेल्या तंत्रज्ञाला मधुमेह होता. फक्त तो कागदावर नव्हता. दर तीन महिन्यांच्या तपासणीला तो आपल्या नावाच्या नळीत बायकोचं रक्त भरायचा. डॉक्टर त्याची पाठ थोपटायचे. बायको म्हणायची, "माझ्या रक्तावर शाबासकी खाणारा नवरा मी एवढाच पाहिला."

सोमवारी त्याचा डावा गाल बधिर झाला, डावी नाकपुडी चोंदली. सर्दी म्हणून त्यानं ते सोडून दिलं आणि मलईची बिस्किटं चहात बुडवत कामाला बसला. समोरच्या काचेच्या थाळीत राखाडी बुरशी कापसासारखी फुगली होती. सगळे तंतू त्याच्याकडे झुकलेले.

त्यानं थाळी फिरवली. चहा संपेपर्यंत तंतू पुन्हा त्याच्याकडे.

"बाई, हिला उजेडाचं वेड आहे का हो?" त्यानं शेजारच्या टेबलावरच्या सहकारी बाईंना विचारलं.

"खिडकी माझ्या बाजूला आहे," बाई मान वर न करता म्हणाल्या. "तुमच्यात तिनं काय पाहिलं, देव जाणे. आम्हाला तर पंचवीस वर्षांत काही दिसलं नाही."

तो खुर्ची घेऊन कोपऱ्यात गेला. तंतू कोपऱ्याकडे वळले. कपाटाआड उभा राहिला. कपाटाकडे वळले.

"लपाछपीचं वय आहे का तुमचं?" बाई म्हणाल्या, पण आपली खुर्ची त्यांनी जरा लांब सरकवली.

मग बिस्किटांच्या पुड्याकडे बघत त्यांनीच त्याचं बोट टोचलं. साखर मोजायच्या यंत्रावर चारशे बारा.

"हे कोणाचं?" तो सवयीनं म्हणाला.

"या खेपेला तुमचंच."

डॉक्टरांना नाकात काळा ठिपका दिसला. तीच बुरशी, साखर मोकाट सुटली की माणसात शिरणारी. "दोन दिवस उशीर केला असतात तर डोळा गेला असता." त्याच दिवशी शस्त्रक्रिया झाली. डोळा वाचला.

सहा आठवड्यांनी तो परतला. चहा बिनसाखरेचा, रक्त स्वतःचं. थाळ्यांतली बुरशी सरळ उभी होती. त्याला हायसं वाटलं, थोडा अपमानही.

"तुमच्या नाकातली मी जपून ठेवलीय," बाई म्हणाल्या आणि चिकटपट्टी लावलेली थाळी त्यांनी पुढे सरकवली.

तंतू हळूहळू झुकले.

त्यानं थाळी डोळ्यांसमोर धरली. डाव्या गालाकडे एकही तंतू वळला नव्हता.

सगळे उजवीकडे.

बाईंनी न विचारता त्याचं बोट टोचलं. अठ्ठ्याण्णव.

त्यानं एकेक डोळा झाकून आकडा वाचला. डाव्यानं स्वच्छ दिसला. उजव्यानं जरा कमी.