पहिल्याच हाकेला ओ

खोटं वाटत असेल तर उद्या उजेडी सावंगीच्या पुढं जाऊन विचारा, माणूस अजून हयात आहे. रामप्रसाद त्याचं नाव. वाळूजच्या एका कंपनीत फिटर, फुलंब्री रोडला नव्या प्लॉटिंगमध्ये दोन खोल्यांचं घर. आमच्या चांगल्या ओळखीतला. हात इतका आखडता, की चहात माशी पडली तर पिळून मग टाकील. आणि मागं जो दात काढतोय त्यानं आताच काढून घ्यावेत. पुढं जमायचं नाही.

सन दोन हजार एकोणीस, मे महिना. तुम्हाला आठवत नसेल, तुमच्या आयांना आठवेल. प्लॉटिंगला रस्ते आले, बोर्ड आले, फक्त नळ आला नाही. आठ दिवसाला टँकर. रामप्रसादच्या अंगणात सिमेंटची टाकी होती. ती भरली की रोज रात्री वीतभर पाणी कमी व्हायचं. झाकणाला कुलूप, गळती कुठंच नाही, तरी पाणी कमी. त्यानं शेजारच्या मोतीरामवर आळ घेतला, तोही चारचौघांत. मोतीराम म्हणाला, "पाव्हण्या, पुरावा दाखव. नाय दाखवला तर तुझ्या दारात पाय ठेवायचा नाय." आणि रविवारी तर प्रांजलीच्या, म्हणजे रामप्रसादच्या लेकीच्या, बाळाचं बारसं. दीडशे पाव्हणे. टाकीत तेवढंच पाणी, टँकर आता बुधवारी. चोर सापडला नाही तर पाव्हण्यांना काय प्यायला द्यायचं?

म्हणून चार तारखेला, शनिवारी दुपारी, रामप्रसाद शहागंजात कॅमेरा आणायला गेला. दुकानदारानं सगळ्यात स्वस्त डबी पुढं सरकवली. "आँख बंद करके लगाव भाई. मोबाइल से सब जुडता. नक्को हुआ तो वापस लाव."

सगळं जुडता! संध्याकाळी रामप्रसाद शिडीवर चढला तो रात्री दहापर्यंत उतरला नाही. कॅमेऱ्याला माणूस दिसला की अंगणातला बल्ब आपोआप लागावा, एवढीच त्याची इच्छा. पण कॅमेऱ्याचं अ‍ॅप वेगळं, बल्बचं वेगळं, आणि दोघं एका घरातल्या अबोला धरलेल्या जावा. एकीला बोलावलं की दुसरी फुगायची. ओटीपी यायचा तेव्हा रेंज जायची, रेंज यायची तेव्हा ओटीपी शिळा. वायफाय अंगणात पोचेना, म्हणून राउटर खिडकीत तेलाच्या डब्यावर चढवला. मग बल्ब लागला, पण मांजराला बघून. माणसाला बघून विझला.

"बारशाचे लाडू वळायचेत," त्याची बायको शीला स्वैपाकघरातनं ओरडली, "अन् तुमचं काय चाललंय वर? मोक्ष मिळायलाय का?"

"गप गं! जुळत आलंय."

"सात वाजल्यापासून जुळत आलंय."

त्याची आई बानाबाई उंबऱ्यात बसून बघत होती. सगळा जन्म मेंढ्यांमागं गेलेला. "आमाला एक कुत्रं पुरायचं," ती म्हणाली. "त्याला पासवर्ड नव्हता."

शेवटी त्यानं एक जुना मोबाइल मधे घातला, मागचं झाकण उघडून बॅटरी निघते तसला. कॅमेऱ्यानं त्याला सांगायचं, त्यानं बल्बला सांगायचं. जमलं! चोराला पळवायला लागणारा भोंगा मात्र महाग होता. मग गड्यानं डोकं लढवलं. त्या मोबाइलला एक फुटका स्पीकर जोडला आणि स्वतःचाच आवाज भरला. "ओ! आलो रे, थांब!" चोराला वाटावं मालक जागा आहे.

बानाबाईनं ते ऐकलं आणि तिचा चेहरा उतरला. "रामा, रातच्याला पहिल्या हाकेला ओ देऊ नाय. तीन हाका होऊ द्याव्या. माणूस असंल तर चौथी मारतंच."

"आई, मी कुठं देतोय? मोबाइल देतोय."

"आवाज तुझाच हाय ना?"

तो वैतागलेला होता. पायात गोळे आलेले. तसाच जाऊन आडवा झाला. आणि हो, त्या रात्री अमावास्या होती. मुद्दाम नाही सांगत, होतीच.

दोन चाळीसला बल्ब लागला.

उशाचा मोबाइल थरथरला. "व्यक्ती आढळली." बाहेर स्पीकर खरखरला, ओ! आलो रे, थांब!

रामप्रसादनं चित्र पाहिलं. अंगण, टाकी, कुलूप. माणूस नाही. "पाकोळी असंल," तो चरफडला. कूस बदलली.

बल्ब विझला. पुन्हा लागला. ओ! आलो रे, थांब!

अंगण रिकामं.

"च्या मायला त्या दुकानदाराच्या..." अ‍ॅप बंद करायला गेला, तर गोल गोल फिरत बसलं. फिरता फिरता कॅमेऱ्याचा आवाज चालू झाला. त्यानं मोबाइल कानाला लावला. आधी वारा. मग, नाल्यापलीकडनं कुणी बोलवावं तसं, अगदी ओळखीनं...

"रामप्रसाऽऽद..."

ओ! आलो रे, थांब!

अंधारात बानाबाई उठून बसली होती. "कितवी?"

"तिसरी... असंल."

"अन् ओ?"

त्यानं खिडकीकडं बघितलं.

"पहिलीपास्नं?"

"...व्हय."

तिनं तोंडाला पदर लावला.

तो धडपडत खिडकीशी गेला. जुना मोबाइल ओढला. झाकण काढलं. बॅटरी काढून मुठीत धरली. स्पीकरची वायर उपटली. बल्ब विझला.

शांत.

शीला झोपेतच. बाळ झोपेतच.

मग बाहेरून, टाकीच्या बाजूनं... आवाज आला. खरखर नव्हती. फुटका नव्हता. झोपेतनं उठलेल्या माणसाचा, जरा घोगरा.

"ओ... आलो रे..."

रामप्रसादचाच.

पाण्यात काहीतरी डुचमळलं. पावलं वाजली. फाटकाची कडी. मग काही नाही...

त्याला ओरडायचं होतं, की मी इथं आहे. त्यानं तोंड उघडलं. बानाबाईनं हाताचा तळवा त्याच्या तोंडावर गच्च दाबला आणि तांबडं फुटेस्तोवर काढला नाही.

सकाळी टाकीचं पाणी बोटभरसुद्धा कमी नव्हतं. कुलूप जागेवर. बारसं झोकात झालं, पाणी सगळ्यांना पुरून उरलं. रामप्रसाद मोतीरामच्या घरी गेला, पाया पडला, हाताला धरून जेवायला घेऊन आला. पाण्याची चोरी त्या रातीपासनं बंद झाली ती आजपर्यंत.

फक्त पहाटे फाटक उघडायला गेला तेव्हा त्यानं पाहिलं. टाकीपासून फाटकापर्यंत, तिथनं कच्च्या रस्त्यानं पार शेतांकडं, अनवाणी ओली पावलं. मेमधलं ऊन तुम्हाला माहीत आहे, थुंकी खाली पडायच्या आत वाळते. ही दुपारी पंगती उठल्या तरी ओलीच. पाव्हणे बाजूनं चालले. मोतीराम वाकून बघत राहिला, मग त्यानं रामप्रसादच्या पायांकडं बघितलं, आणि हातातला विडा तसाच राहिला.

त्या बारशाच्या तीन वर्षं आधी कंपनीत प्रेसखाली रामप्रसादच्या डाव्या पायाची करंगळी गेली.

त्या डाव्या पावलालाही चारच बोटं. आणि सगळी पावलं बाहेर जाणारी. आत येणारं एकही नाही.